हातभर खालची खूण

पत्नी मंगळवारी सकाळी गेली. त्याच सकाळी गल्लीच्या खालच्या मैदानात पोकलेन आलं.

आम्ही तिला दवाखान्यातून घरी आणत होतो तेव्हा ते ट्रेलरवरून उतरायच्या बेतात होतं. गल्ली अरुंद. आमची गाडी आधी जाऊ द्यावी म्हणून चालकानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तो डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा राहिला. दुपारी स्मशानातून परत आलो, तोवर मैदानात पहिला खड्डा पडला होता. ज्या नकाशावरून तो खड्डा घेतला, तो नकाशा तिनं काढलेला होता.

ती एका सल्लागार इंजिनिअरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होती. बाई असली तरी हुद्द्याचं नाव तेच. गडहिंग्लजहून ती कोल्हापुरात नोकरीला आली तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघा मारायचे दिवस होते. पुढे कॉम्प्युटर आला, पण क्लच पेन्सिल तिच्या पर्समधून गेली नाही. भाजीची यादीही ती त्याच पेन्सिलीनं लिही, सारख्या उंचीच्या अक्षरांत. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. आमच्या घरात माणसं दोन आणि कागद पुष्कळ होते. बोलणं बेताचं होतं. त्याची उणीव मला कधी भासली नाही. आता त्याच्याविषयीच लिहायला बसलो आहे.

माझा जन्म याच गल्लीतला. गल्ली पंचगंगेकडे उतरत जाते आणि खाली मैदानाला लागते. लग्नानंतर आम्ही कळंब्याला राहायला गेलो. तिथं पाण्याची भीती नाही. आई मात्र इथंच राहिली. दोन हजार एकोणीसच्या महापुरात तिला होडीतून बाहेर काढून कळंब्याला आणलं आणि पाणी उतरल्यावर घर धुवायला मी तिच्याबरोबर इथं आलो. पत्नीला त्या आठवड्यात रजा मिळाली नाही. ती त्या दिवशी आली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. मग वाटतं, झालंही नसतं. पुढे काही वर्षांनी आई गेली आणि आम्ही दोघं कळंबा सोडून या घरात आलो.

पूर ज्यांनी टीव्हीवरच पाहिला आहे त्यांना वाटतं, नदी रस्त्यानं चालत येते. आमच्या गल्लीत ती आधी मोरीतून येते. राधानगरी धरणाची दारं उघडली, राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढलं, की गावातल्या नाल्यांची तोंडं नदीच्या पातळीखाली जातात. मग गावाचं पाणी बाहेर पडायचं थांबतं आणि ज्या गटारानं जायचं त्याच गटारानं मागे फिरतं. मोरीच्या जाळीखाली गुडगुडायला लागतं. रस्त्यावरच्या चेंबरांची झाकणं हलायला लागतात. मैलापाणी आणि पावसाचं पाणी इतकी वर्षं एकाच जुन्या लाईनीतून वाहत होतं, तेव्हा वर जे येई त्याचं वर्णन करायला नको.

हे थांबवायचं काम तिच्या ऑफिसकडे आलं. मैल्याची लाईन वेगळी करायची, पावसाच्या पाण्याला मोठे नवे पाइप घालायचे, आणि मैदानाच्या पोटात एक टाकी बांधायची. नदी चढली की बाहेरच्या तोंडावरची झडप बंद होणार, गल्लीत पडलेला पाऊस टाकीत साठणार आणि तिथून पंप तो उचलून नदीत टाकणार. वरून मैदान पुन्हा मैदानासारखंच दिसणार होतं. वर दिसायला राहणार होता तो फक्त एक काँक्रीटचा ओटा आणि त्याच्यावर पंपांचं वीज-पॅनेल. हा ओटा किती उंच घ्यायचा, एवढं ठरवणं तिच्याकडे आलं. पॅनेलला पाणी लागता कामा नये.

राजारामला पाणी किती फूट आहे हे पावसाळ्यात इथला रिक्षावालाही सांगतो. पण गल्लीत, मोरीतून आलेलं पाणी भिंतीवर कुठवर चढलं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते फक्त घरांच्या भिंतींवर होतं. आमच्या गल्लीत पूर ओसरून घर धुऊन झालं की घरातली थोरली बाई नदीची ओटी भरते आणि भिंतीवर ओल्या कुंकवाची पाच बोटं उठवते. रंगारी दिवाळीला रंग देताना तेवढी जागा सोडून देतात. बहुतेक घरांत एकोणीसची बोटं अजून आहेत. तीच पूरखूण.

ती चार रविवार टेप घेऊन घरोघर फिरली. चौथ्या रविवारी दुपारी आली ती खुशीतच. कागद टेबलावर पसरले आणि म्हणाली, "अहो, ऐकलं का? गल्लीचा उतार वजा केला तर सगळ्या घरांच्या खुणा एका पातळीत बसतात. दोन बोटांचा फरक, बास. असं कधी होत नाही. लोक एक तर वाढवून सांगतात, नाहीतर विसरलेले असतात."

मी पुस्तकातून मान वर केली आणि म्हणालो, "हं."

तेव्हा मला आठवलं नव्हतं असं नाही. एकोणीसच्या त्या सकाळी आईनं ओटी भरली, कुंकू कालवलं आणि भिंतीवर चिखलाची जी रेघ उमटली होती तिच्यावर आपलं कोपर टेकवलं. हात खाली सोडला. खाली जिथं बोटं आली तिथं त्यांचा ठसा उठवला. मग ओल्या फडक्यानं चिखलाची रेघ पुसून टाकली. लहानपणीही मी तिला असंच करताना पाहिलं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका असंच करतात. पाणी जिथवर आलं त्याच्या हातभर खाली खूण. खुणा एका पातळीत बसत होत्या, कारण प्रत्येक बाईनं एक हात वजा केला होता, आणि गल्लीतल्या बायकांच्या हातांत दोन बोटांपेक्षा जास्त फरक नसावा.

मी का बोललो नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. इंजिनिअर लोक असल्या गोष्टी धरूनच चालत असतील असं वाटलं. ती खुशीत होती. पुस्तकाचं प्रकरण संपत आलं होतं. यांतलं प्रत्येक थोडं थोडं खरं आहे. पण मुख्य कारण हे, की ती गोष्ट बोलायची नसते. ती मला कुणी शिकवली नव्हती आणि बोलू नकोस असंही कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीत वाढलेल्या माणसाला ते जसं माहीत असतं तसं मला माहीत होतं. ती गडहिंग्लजची. तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

नकाशे मंजूर झाले. पावसाचा जोर ओसरला की काम सुरू व्हायचं होतं. त्या जुलैच्या अखेरीस पाणी आलं.

एकोणीसइतकं नव्हतं. खालच्या खोलीत कमरेएवढं आलं. सामान माडीवर नेलं आणि आम्हीही वर बसलो. ती मात्र दर दोन तासांनी साडी खोचून जिना उतरायची, पाण्यात उभी राहून जिन्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायची आणि वेळ लिहायची.

"कशाला उतरतेस? घाण पाणी आहे," मी म्हणालो.

"माझ्याच नकाशातलं पाणी माझ्याच घरात आलंय. बघू तरी द्या." मग जिन्यावरून मागे वळून म्हणाली, "आणि एवढं पाणी मोजायला पुन्हा कधी मिळणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी थांबलं. तिनं शेवटची रेघ जरा लांब मारली आणि नकाशावर लिहितात तशी वर इंग्रजी मोठी अक्षरं काढली. वर आली तेव्हा तिच्या पायाला उजव्या घोट्यापाशी कापलं होतं. पाण्याखाली पत्रा होता म्हणाली. मी हळद आणून दिली.

पाणी उतरल्यावर तीन दिवस घर धुतलं. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू ताट घेऊन आल्या. माझ्या आईच्या मैत्रीण; मला पाळण्यात पाहिलेल्या. मी ग्रंथालयात लागलो तेव्हापासून मला मास्तर म्हणतात.

"मास्तर, घरात थोरलं कोण न्हाय तुमच्या. खूण मी करतो. हिला ठावं न्हाय, हिनं बघून घ्यावं."

त्यांनी कोपर भिंतीला लावलं, नेमकं पेन्सिलीच्या लांब रेघेवर, कारण चिखलाची रेघही तिथंच होती. हात खाली सोडला. पाच बोटं उठवली. पत्नी मागं उभी राहून बघत होती.

"काकू, इथं का? पाणी तर वर होतं."

"आता काय सांगायचं हिला!" काकू हसल्या. "अगं, नदी म्हंजी माहेरवाशीण. आली, जेवली, गेली. किती जेवली ते भिताडावर लिवतीस व्हय? पुढल्या खेपंला रागानं दुप्पट जेवंल की!"

मग फडकं घेऊन त्या चिखलाची रेघ पुसायला लागल्या. पत्नीनं त्यांचा हात धरला. "तेवढी पेन्सिलीची असू द्या."

काकूंनी अक्षरांकडे निरखून पाहिलं. "इंग्रजीत हाय न्हवं? मग असू दे. तिला वाचता याचं न्हाय."

काकू गेल्या. मग तिनं टेप काढला आणि रेघ ते बोटं अंतर मोजलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"आणि मी टेप घेऊन घरोघर फिरत होते तेव्हा?"

मी ओलं फडकं पिळायला घेतलं.

"'हं' म्हणालात तुम्ही," ती म्हणाली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ओल्या टेबलावर वर्तमानपत्र घालून ती हिशेब करत बसली. थोड्या वेळानं तिनं मला समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं. एकोणीससारखा पूर पुन्हा आला तर ओट्यावर पाणी चढेल. पॅनेल बुडेल. पंप बंद पडतील. झडप तर आधीच बंद. मग गल्लीत पडलेला पाऊस जाणार कुठं? "आधी होतं त्याच्याहून वाईट होईल," ती म्हणाली. "आणि माझ्या सहीनं होईल."

सोमवारी ऑफिसात सांगायचं ठरलं. सोमवारी तिला ताप होता.

दोन दिवस आम्ही थंडीताप समजलो. मग डोळे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पुराच्या पाण्यात उतरला होता का, आणि दुसरा, अंगावर जखम आहे का. लेप्टो, घाण पाण्यातून जखमेवाटे येणारा ताप. मी तिच्या घोट्याकडे बघितलं. जखम सुकत आली होती.

शुद्धीत होती तोवर ती एकच गोष्ट सांगत होती. "ओटा हातभर वर घ्यायला सांगा. साहेबांना फोन करा."

"तूच सांग. बरी झालीस की."

दोनदा तिनं सांगितलं आणि दोनदा मी हेच उत्तर दिलं. मला वाटे, निरोप मी पोचवला तर तिच्याकडे उठायचं कारण उरणार नाही. असा विचार शिकलेल्या माणसानं करावा हे लाजिरवाणं आहे. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही.

त्यानंतरचे महिने मी माडीच्या खिडकीतून मैदानाकडे बघत काढले. ग्रंथालयातून मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. खाली खड्डा खोल होत गेला. काळी माती आली, मग पिवळी, मग पाणी लागलं ते उपसत राहिले. सळ्यांची जाळी झाली, भिंती उभ्या राहिल्या. गल्लीभर चर खणले होते. फळीवरून घरात जावं लागे. लोक कावले होते. काकू रोज भाकरी आणून देत आणि चराकडे बघून म्हणत, "गल्लीचं पोट फाडलंया नुसतं. कवा शिवत्यात काय म्हाईत."

मला रोज फोन करता आला असता. मैदानात उतरून दोन वाक्यं बोलता आली असती. पण ती वाक्यं बोलायची म्हणजे त्यात माझं ते 'हं' सांगणं आलं. आणि तिची चूक झाली होती, हेही सांगणं आलं. ती गेल्यावर लोक तिच्याविषयी फक्त चांगलं बोलत होते. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला येत होतं.

टाकीवर स्लॅब पडला. चैत्र लागला. एका सकाळी मी खिडकी उघडली तर ओट्याच्या सेंट्रिंगच्या फळ्या उभ्या होत्या. मैदानातून त्या माझ्या छातीपर्यंतही नव्हत्या. मी तसाच, चपला न घालता खाली गेलो.

कामावरचा इंजिनिअर तरुण होता; तिच्या ऑफिसातलाच. मला ओळखत होता. "काका, लेव्हल मंजूर आहे. उद्या काँक्रीट येतंय. आणि ही लेव्हल मॅडमनीच काढलीय."

"म्हणूनच आलोय," मी म्हणालो.

मी त्याला घरी आणलं. पेन्सिलीची रेघ दाखवली, खालची बोटं दाखवली. सगळं सांगितलं, दवाखान्यातलंसुद्धा. त्यानं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि तो भिंतीजवळ खाली बसला.

"पण हे एका घराचं झालं, काका. वर काय सांगू? बाकीच्या घरांत बायका सांगतील का, किती खाली खूण केली ते?"

"नाही सांगणार."

"मग?"

मी काकूंकडे गेलो. काकू दारात मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. माझं ऐकून त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं.

"मास्तर, बायकू गेली तुझी. आता तिचं नाव पुढं करून नदीचं जेवण काढतोस व्हय?"

"काकू, तिनं शेवटपर्यंत तेवढंच सांगितलं."

"मग इतकं म्हैनं काय करत हुतास?"

"काही नाही."

गल्लीत एरवी त्यांचा आवाज दोन घरांपलीकडे ऐकू जातो. तेव्हा त्या हळू बोलल्या. "बोलायचं न्हाय ते बोलायचं न्हाय. पर भिताडाला हात लावायला काय हुतंय?" आणि उठल्या.

त्या सकाळी आमच्या गल्लीत जे झालं ते मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. इंजिनिअर प्रत्येक घरात गेला. घरातली थोरली बाई एकोणीसच्या खुणेपाशी उभी राही, आपली बोटं कुंकवाच्या बोटांवर टेकवी आणि कोपर वर करून भिंतीला लावी. कुणी काही बोलत नव्हतं. तो कोपरापाशी खडूनं रेघ मारी. एका घरात त्यानं न राहवून विचारलं, "म्हणजे मावशी, पाणी इथपर्यंत..."

"पावणं," काकू मागून म्हणाल्या, "खडू चालवा आन् त्वांड बंद ठेवा."

एका घरात खूण सासूची होती आणि सासू हयात नव्हती. सुनेनं हात लावला, मग काढून घेतला. "आत्याबाईंचा हात माझ्यापेक्षा आखूड होता," ती म्हणाली. "बोटभर कमी धरा."

आमच्या घरात आईची बोटं होती आणि घरात बाई कुणी नव्हती. इंजिनिअर माझ्याकडे बघत थांबला. मी पुढं झालो, आईच्या बोटांवर माझी बोटं टेकवली आणि कोपर भिंतीला लावलं. कुंकू इतक्या वर्षांनी खडबडीत झालं होतं. त्यानं रेघ मारली.

"ही धरू नका," मी म्हणालो. "माझा हात लांब आहे."

दुसऱ्या दिवशीचं काँक्रीट पुढे ढकललं. चार दिवसांनी सुधारलेला नकाशा आला. ओटा हातभर आणि वर थोडा आणखी, असा उंच केला. त्या नकाशावर सही दुसऱ्या कुणाची आहे.

त्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली. झडप बंद झाली, पंप चालले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होतो. मोरी गप्प होती. काकू छत्री घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "आली न्हाय की रं." आनंदानं म्हणाल्या की काय, मला कळलं नाही. मग थोडा वेळ त्याही माझ्याजवळ पायरीवर बसल्या.

ती पाण्यात उतरली ती मोजायच्या हौसेनं, की मला न सांगता आपल्या खुणांची खातरी करायला, हे मी तिला विचारलं नाही. मी त्या रविवारी बोललो असतो तर तिला उतरावं लागलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आता कुणाकडेच नाही.

खडूच्या रेघा बायकांनी दिवाळीच्या आधी पुसल्या. आमच्या घरातली मी पुसली.

एकोणीससारखा पूर अजून आलेला नाही. मैदानात ओटा आहे, त्याच्यावर पॅनेल आहे. जिन्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीची रेघ आहे, आणि तिच्या हातभर खाली पाच बोटं. घरात मी आहे.